मुलांना बाजू घेऊ द्या

दहावीच्या मराठीच्या पेपरात शेवटी लेखनकौशल्याचा प्रश्न येतो, आठ गुणांचा. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन, यांपैकी एक लिहायचं. ‘वैचारिकच्या वाटेला जाऊ नकोस, गुण जातात,’ हा सल्ला मुलांना क्लासमध्ये मिळतो, वरच्या वर्गातल्या ताई-दादांकडून मिळतो आणि घरातही मिळतो. मग मूल पडक्या किल्ल्याचं नाहीतर फाटक्या पुस्तकाचं आत्मकथन पाठ करून जातं आणि सुटतं. काही मुलं तरीही वैचारिक लिहितात, पण तेही बहुधा गाईडमधून आलेलं असतं. विषय ‘मोबाइल : शाप की वरदान’. सुरुवातीला एक सुविचार, मग चार फायदे, मग चार तोटे, आणि शेवटी ‘अति तेथे माती, वापर कसा करायचा ते आपल्याच हातात आहे’. निबंध संपतो. शाळेत मोबाइल आणू द्यावा की नाही, याबद्दल लिहिणाऱ्याला काय वाटतं, हे तपासणाऱ्याला कळत नाही. लिहिणाऱ्यालाही कळलेलं नसतं.

पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे की मुलांना बाजू घेऊ द्या. कागदावर, कारणं देऊन, आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येतं अशा खऱ्या वाचकासमोर. ती बाजू मांडताना विरुद्ध बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं मुलांनी स्वतःच्या हातानं लिहिलं पाहिजे, एवढा आग्रह मात्र सोडू नका. वैचारिक निबंध शिकण्याचा दुसरा रस्ता मला माहीत नाही.

हे मुलांना झेपणार नाही, असं कुणी म्हणेल. त्यांना मी पुण्यातल्याच एका विद्यार्थिनीची आठवण करून देईन. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत मुक्ता नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. शाळेत तिची जेमतेम तीन वर्षं झाली होती. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ‘ज्ञानोदय’ हे अहमदनगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ मध्ये सुरू केलेलं नियतकालिक. आज मुक्ता साळवे हे नाव दलित साहित्याच्या आणि स्त्रियांच्या लेखनाच्या इतिहासात आदरानं घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण हा एका शाळकरी मुलीचा वैचारिक निबंध आहे, याकडे शाळांचं पुरेसं लक्ष गेलेलं नाही. दहावीच्या कुठल्याही वर्गात तो फळ्याशी उभं राहून, वाक्य सुटं करून शिकवावा, इतका तो भक्कम बांधलेला आहे.

त्यातली तर्काची चाल पाहा. वेद ही फक्त आमची मत्ता, असं म्हणणाऱ्यांशी मुक्ता आधी भांडत बसत नाही. त्यांचं म्हणणं ती क्षणभर खरं धरते आणि त्यालाच पुढे चालवते. ग्रंथ तुमचा, आम्हाला तो पाहण्याचीही मोकळीक नाही, म्हणजे आम्हाला धर्मग्रंथच नाही. ग्रंथ नाही तर आम्ही धर्माबाहेरचे ठरतो. मग आमचा धर्म कोणता, हे देवानंच सांगावं. समोरच्यानं दिलेल्या पायरीवर पाय ठेवून ती अशा जागी पोहोचते, की ती पायरी मागे घेणंही त्याला कठीण आणि पुढचं मानणंही कठीण. 

मग पुरावा येतो. पेशवाई १८१८ मध्ये संपलेली होती. मुक्तानं ती पाहिलेली नव्हती, पण तिच्या घरातल्या आणि वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी भोगलेली होती. ती ‘पूर्वी फार अन्याय होत असे’ एवढ्यावर थांबत नाही. तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महाराची काय गत होत असे, हे ती सांगते आणि जागेचं नाव देते : गुलटेकडीचं मैदान. आज मार्केट यार्ड आहे तो हा भाग. तेव्हाच्या पुणेरी वाचकाला ती जागा डोळ्यांसमोर दिसत होती, त्यामुळे ‘असं काही झालंच नाही’ म्हणणं सोपं राहिलं नाही. लगेच ती एक प्रश्न विचारते. लंगड्या गाढवाला कुणी मारलं तर त्याचा धनी मारणाऱ्याची फजिती करतो, मग आम्हाला मारू नका असं म्हणणारा कोण होता? तुलना एका वाक्याची आहे, पण कायदा कुणाचं रक्षण करतो आणि कुणाचं नाही, हा सगळा मुद्दा त्यात येऊन जातो.

मला स्वतःला सगळ्यात मोलाची वाटते ती बाळंतपणाची जागा. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-वारा-पाऊस त्यांना सोसावा लागतो, असं ती लिहिते, आणि वाचणाऱ्याला सांगते की तुम्ही तुमच्या स्वतःच्या अनुभवावरून याचा विचार करा. इथे तिनं वाचक ओळखला आहे. तिच्यासमोर शिकलेले, सुस्थितीतले लोक आहेत. त्यांच्याही घरी बाळंतपणं होतात. दया मागण्यापेक्षा ती त्यांना त्यांच्याच घरात नेऊन उभं करते. शेवटाकडे मात्र ती तोंड वळवते आणि आपल्याच दुःखी भावंडांशी बोलते : शिका, ज्ञान हेच तुमच्या दुखण्यावरचं औषध. म्हणजे एका निबंधात दोन वाचक, आणि प्रत्येकाला वेगळं मागणं.

आता हीच शिस्त आपल्या वर्गातल्या मुलांच्या हाती कशी द्यायची, ते पाहू.

पहिली गोष्ट विषयाची. ‘विज्ञान : शाप की वरदान’, ‘झाडे लावा, झाडे जगवा’, ‘पाणी हेच जीवन’ हे विषय वैचारिक लेखनासाठी निरुपयोगी आहेत, असं मी स्पष्ट म्हणेन. झाडं लावू नयेत, असं म्हणणारा कुणी नाही. ज्या प्रश्नावर दोन शहाणी माणसं खरोखर वेगवेगळं म्हणू शकतात, आणि ज्याचा निर्णय कुणीतरी घेणार आहे, तोच विषय द्यावा. आणि शक्य असेल तिथे तो मुलांच्या रोजच्या जगण्यातला असावा, कारण तिथला पुरावा त्यांच्याकडेच असतो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असं ठरवलं. लहान मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचं मुख्य कारण. या निर्णयात पाचवीपासून पुढची मुलं आली नाहीत. आता समजा, पुण्यातल्या सकाळच्या सत्राच्या एखाद्या शाळेतल्या सातवीच्या मुलीला वाटतं की आपलीही शाळा उशिरा भरावी. तिला निबंध लिहायचा आहे.

तिचा पहिला मसुदा कसा असेल ते आपण सांगू शकतो. ‘लवकर निजे, लवकर उठे’ची म्हण उलटी फिरवून सुरुवात. मग झोपेचं महत्त्व. मग ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे की…’ आणि शेवटी ‘म्हणून शासनाने याचा विचार करावा’. कुठल्या शास्त्रज्ञांनी? शासनातल्या कुणी? विचार करून काय करावं? तिला रागावू नका, हे तीन प्रश्न विचारा आणि वही परत द्या.

ती परत येईल तेव्हा मागणं जरा टोकदार झालेलं असेल : आमच्या शाळेचा सातवीचा वर्ग सात वाजता भरतो, तो आठला भरावा. हे कुणाला सांगायचं? मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला. मग पुरावा गोळा करायला लावा. एक आठवडाभर वर्गात रोज सकाळी हात वर करून मोजा, किती जण काही न खाता आले. व्हॅनकाका पहिल्या मुलाला किती वाजता घेतात आणि शेवटच्याला किती वाजता, ते विचारा. पहिल्या तासाला गैरहजर किती आणि चौथ्या तासाला किती, हे हजेरीवरून बाईंच्या परवानगीनं पाहा. हे आकडे लहान आहेत, एका वर्गाचे आहेत, तसं निबंधात लिहूनही टाकायचं. पण ते तिचे आहेत आणि त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर ती उत्तर देऊ शकते. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

यापुढचं काम अवघड आहे आणि तेच मोलाचं आहे. ‘आता मुख्याध्यापक काय म्हणतील ते लिही,’ असं सांगा. बहुतेक मुलं इथे एक लुटुपुटीचा विरोधक उभा करतात : काही लोकांना वाटते की मुले आळशी होतील, पण ते चुकीचे आहे. हे चालू देऊ नका. तिला खरोखर मुख्याध्यापकांकडे, शिपाईकाकांकडे, व्हॅनकाकांकडे, दोन-तीन पालकांकडे पाठवा. ती जे ऐकून येईल ते तिनं कल्पनाही केलेलं नसेल. इमारत एक आणि सत्रं दोन, त्यामुळे सकाळचं सत्र तासभर पुढे गेलं की दुपारच्या सत्रातली मुलं हिवाळ्यात अंधार पडल्यावर घरी जाणार. व्हॅन एकच, ती आधी या शाळेची आणि मग दुसऱ्या शाळेची फेरी करते. ज्या आई-वडिलांना भोसरी-चाकणला पहिल्या पाळीला किंवा हिंजवडीला कंपनीच्या बसनं जायचं असतं, त्यांनी मुलाला आठ वाजेपर्यंत कुणाच्या भरवशावर ठेवायचं? आणि आठ वाजता पुण्याच्या रस्त्यांवर काय अवस्था असते, हे तिला कुणी सांगायला नको.

इतकं ऐकल्यावर तिचा निबंध बदलतो. माझ्या मते वैचारिक लेखनाचं शिक्षण नेमकं या जागी होतं. ती कदाचित मागणं कमी करेल : सगळं वर्ष नको, डिसेंबर-जानेवारीत तरी अर्धा तास पुढे न्या. किंवा मार्ग बदलेल : वेळ तीच ठेवा, पण पहिल्या तासानंतर दहा मिनिटांची डब्याची सुटी द्या, कारण आमच्या वर्गात इतकी मुलं उपाशी येतात. किंवा तिचं मतच फिरेल. फिरलं तर फिरू दे. तसं तिनं प्रामाणिकपणे लिहिलं, आधी काय वाटत होतं आणि कशामुळे बदललं ते सांगितलं, तर त्या निबंधाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. मागणं लहान झालं म्हणून निबंध दुबळा होत नाही. उलट मुख्याध्यापकांना आता तो टाळता येत नाही, कारण त्यांच्या अडचणी त्यात आधीच लिहिलेल्या आहेत.

आपल्याकडे ही काही नवी रीत नाही. आपल्या दर्शनग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं त्याला स्वतःला मान्य होईल इतकं नीट सांगायचं, आणि मगच आपला सिद्धान्त, अशी शेकडो वर्षांची शिस्त आहे. शाळेच्या निबंधातून ती कशी गळाली कोण जाणे. ती परत आणायला अभ्यासक्रम बदलावा लागत नाही. दहावीच्या ‘कुमारभारती’ या मराठीच्या पाठ्यपुस्तकातल्या उपयोजित लेखनात वैचारिक लेखन आहेच.

दुसरी एक सवय मुलांना लावली पाहिजे : वाद नेमका कशावर आहे ते शोधण्याची. पुण्याला हेल्मेटचा वाद चांगला ठाऊक आहे. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा शहरात विरोध झाला, मोर्चे निघाले. एखाद्या नववीतल्या मुलाला यावर लिहायला सांगा. तो हेल्मेटमुळे डोकं कसं वाचतं हे चार परिच्छेदांत सांगेल. पण विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांचं म्हणणं असं होतं की आमचा विरोध हेल्मेटला नाही, सक्तीला आहे. म्हणजे मुलाचे चारही परिच्छेद त्यांना आधीच मान्य आहेत, आणि वाद होता तिथेच राहिला. आता त्याला वेगळं लिहावं लागेल. माझ्या डोक्याची काळजी माझी, मग सरकारनं त्यात का पडावं? अपघात झाला तर खर्च कुणावर पडतो, घर कोण चालवतं, रुग्णालयातली खाट कुणाची जाते? मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नं दुचाकीस्वाराला हेल्मेट बंधनकारक केलेलं आहे, मग कायदा न पाळणं आणि कायदा बदलावा म्हणून मागणी करणं यांत फरक काय? नववीतलं मूल यातल्या एकाही प्रश्नाला घाबरत नाही. आपणच ते त्याच्यासमोर ठेवत नाही.

सक्तीचा हा वाद या शहरात जुना आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं मुलीचं संमतिवय दहावरून बारा केलं. त्यावर पुण्यात जे रण माजलं त्यात आगरकर एका बाजूला होते आणि टिळक दुसऱ्या. एके काळी दोघं न्यू इंग्लिश स्कूलमध्ये एकत्र शिकवत होते, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिले होते. समाजसुधारणा परक्या सरकारच्या कायद्यानं होऊ नये, हा टिळकांनी केलेल्या विरोधामागचा एक मोठा मुद्दा होता. वाद कशावर आहे हे न पाहता वाचलं तर एक सुधारक आणि एक सनातनी, एवढंच हाती लागतं. शाळेत या दोघांवरचे धडे वाचून झाल्यावर मुलांना त्या वादाच्या दोन्ही बाजू एकेका पानात लिहायला सांगाव्यात, अशी माझी सूचना आहे.

आगरकरांची आणखी एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात घ्यावी. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला, आणि ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे त्यांचं व्याकरणाचं पुस्तकही त्याच साली आलं. समाजाशी इतकं कडक बोलणारा माणूस वाक्याची जोडणी कशी असते हे मुलांना समजावत बसला होता. मला यात विसंगती दिसत नाही. वैचारिक लेखनात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘मात्र’, ‘जर-तर’ हे शब्द सगळं ओझं वाहतात. मुलांच्या निबंधात ते एक तर नसतातच, किंवा चुकीच्या जागी असतात : ‘आज सर्वत्र प्रदूषण वाढले आहे. म्हणून आपण संस्कृती जपली पाहिजे.’ या ‘म्हणून’च्या अलीकडचं आणि पलीकडचं यांचा संबंध काय? वर्गात एक तास फक्त एवढंच करा. मुलांच्याच वह्यांतली अशी वाक्यं, नावं न सांगता, फळ्यावर लिहा आणि ‘म्हणून’ खरं आहे का ते ठरवू द्या. व्याकरणाचा तास त्यांना इतका हवासा पूर्वी कधी वाटला नसेल.

पुराव्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण घरोघरी व्हॉट्सअॅप आहे आणि ‘एका संशोधनात आढळून आले आहे’ या वाक्यानं मुलांचं लेखन बरबटलं आहे. मुलांना चार प्रकारचा पुरावा पुरतो : स्वतः पाहिलेलं, स्वतः मोजलेलं, माहीतगार माणसाला विचारलेलं, आणि तारीख-नावासह छापलेलं. बाकीचं खोडायला सांगा. तुकारामांच्या अभंगानं निबंधाला शोभा येते, वाचणाऱ्याचं मन मऊ होतं, पण पुरावा म्हणून तो चालत नाही. म्हणीचंही तेच. एका म्हणीला उत्तर देणारी दुसरी म्हण मराठीत हमखास सापडते.

आता घराविषयी, म्हणजे आपल्याविषयी. कारणं मागणाऱ्या मुलाला आपण घरात ‘उलट उत्तर देतो’ म्हणतो. सातवीतला मुलगा विचारतो, मला सायकलनं शाळेत का जाऊ देत नाही? आपण म्हणतो, सांगितलं ना एकदा, नाही म्हणजे नाही. त्याच संध्याकाळी आपण त्याला ‘माझे मत’ या विषयावर निबंध लिहायला बसवतो आणि तो कोरा कागद घेऊन बसला की चिडतो. पालकहो, घरातला एखादा निर्णय त्याला लिहून मागू द्या. सायकल, क्लास बदलणं, गॅदरिंगला उशिरापर्यंत थांबणं, काहीही. एक पान. त्यात तुमची भीती काय आहे हे त्यानं तुमच्याच शब्दांत लिहिलेलं असलं पाहिजे : सिंहगड रस्त्यावरची वाहतूक, पावसाळ्यातले खड्डे, परतीच्या वेळचा अंधार. त्यावर त्याचं उत्तर हवं : कोणत्या गल्लीतून जाणार, कुणाबरोबर, कोणत्या महिन्यात नाही. मग तुम्हीही त्याला लेखी उत्तर द्या. दोन ओळी चालतील, पण कारणासह. त्याचं म्हणणं पटलं तर ‘हो’ म्हणण्याची तयारी मात्र मनात आधीच ठेवा. मुद्दे कितीही चांगले मांडले तरी निकाल ठरलेलाच असतो, हे मुलाला एकदा कळलं की ते पुन्हा मनापासून लिहीत नाही. मग गाईडमधलं उतरवतं, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

हल्ली गाईडचीही गरज उरलेली नाही. मोबाइलला विषय सांगितला की दोन मिनिटांत शुद्ध भाषेतला, फायद्या-तोट्यांसह समतोल निबंध हजर होतो. शिक्षक त्रासून गेले आहेत, आणि त्यांचा त्रास खरा आहे. पण जो निबंध यंत्राला इतका सहज जमतो, तो मुळात मुलांकडून आपण मागायलाच नको होता. ‘मोबाइल : शाप की वरदान’ मोबाइल उत्तम लिहितो. आपल्या वर्गातल्या किती मुलांनी सोमवारी सकाळी काही खाल्लं नव्हतं आणि शिपाईकाका दुपारच्या सत्राबद्दल काय म्हणाले, हे त्याला माहीत नाही. विषय बदला, निम्मी चोरी तिथेच थांबेल.

साठ मुलांचा वर्ग, तपासायच्या वह्यांचा ढीग, शिवाय सर्वेक्षणं आणि निवडणुकीची कामं, यात हे कुठून बसवायचं, असं शिक्षक विचारतील. त्यांना मी जास्त निबंध मागत नाही. कमीच मागतो. एका सत्रात एकच वैचारिक निबंध, पण दोनदा लिहिलेला. पहिला मसुदा शिक्षकांनी तपासायचाच नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलानं तो वाचायचा आणि खाली दोनच गोष्टी लिहायच्या : मला कोणता मुद्दा पटला नाही, आणि का. लिहिणाऱ्यानं दुसऱ्या मसुद्यात त्या आक्षेपाला उत्तर द्यायचं. शिक्षकांनी फक्त दुसरा मसुदा पाहायचा. तपासताना शुद्धलेखनाच्या लाल खुणा थोड्या कमी करा आणि समासात एखादा खरा प्रश्न लिहा. ‘छान’ किंवा ‘विचार चांगले’ लिहिलं की मुलाला पुढे काय करायचं ते कळत नाही. ‘हे तुला कुणी सांगितलं?’ असं लिहिलं की कळतं.

आणि कृपा करून मतासाठी गुण कापू नका. मुलं गुळगुळीत लिहितात त्याचं हे मोठं कारण आहे. तपासणारे कोण असतील, त्यांना काय आवडेल, हे माहीत नसल्यामुळे ती मधोमध उभी राहतात. तुम्ही टेकडीवरून सुचवलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या बाजूचे असाल आणि मुलीनं टेकडी वाचवा असं लिहिलं असेल, किंवा याच्या उलट असेल, तरी तिनं विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या कोंडीला काय उत्तर दिलं एवढंच पाहा. हे वर्गात आधी मोठ्यानं सांगा. एकदा सांगून मुलांचा विश्वास बसणार नाही. गुण हाती पडल्यावर बसेल.

वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांचं काय, असं पुण्यात कुणीतरी विचारणारच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून या शहराला बोलण्याची आणि ऐकण्याची सवय आहे, आणि ती चांगली आहे. पण शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेची भाषणं बरेचदा आई, मामा नाहीतर बाईंनी लिहिलेली असतात, आणि मूल ती हातवाऱ्यांसह म्हणून दाखवतं. त्यातून धीटपणा येतो. विचार करणं शिकण्यासाठी कागद हवा, कारण कागदावर आपलंच वाक्य परत वाचता येतं आणि खोडता येतं. स्पर्धा असू द्या. तिचं भाषण मात्र मुलानं स्वतः लिहावं.

राहिला खरा वाचक. शाळेबाहेर तो शोधायला पुण्यात लांब जावं लागत नाही. वर्तमानपत्रांत वाचकांच्या पत्रांना अजून जागा आहे. तिथे थोडक्या शब्दांत एकच मुद्दा मांडावा लागतो, ही शिस्त शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा चांगली. दुसरी जागा महापालिकेची. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयांत त्याचे अर्ज घेतले जातात आणि एका कामासाठी खर्चाची मर्यादा ठरलेली असते. पदपथ, बसथांब्यावर बाक, रस्त्यावरचे दिवे, अशी कामं त्यात येतात. शाळेच्या फाटकाबाहेर पदपथ नाही आणि पावसात मुलं रस्त्याच्या मधून चालतात, असं असेल तर आठवीच्या वर्गाला दुसरा विषय शोधायची गरज नाही. फाटकापासून चौकापर्यंतचं अंतर पावलांनी मोजा. सुटीच्या वेळी दहा मिनिटांत किती वाहनं जातात ते मोजा. समोरच्या दुकानदारांना पदपथ का नको आहे ते त्यांना विचारा आणि लिहून घ्या, कारण त्यांचंही काही म्हणणं आहे. वर्गातला सगळ्यात पटणारा मसुदा मुलांनीच निवडावा, एखाद्या पालकांनी त्यावर सही करावी आणि तो अर्ज म्हणून जाऊ द्यावा.

शाळेच्या वेळेबद्दलचा निबंधही असाच मुख्याध्यापकांच्या हातात पडला पाहिजे, आणि त्यांनी लेखी उत्तर दिलं पाहिजे, ही माझी मुख्याध्यापकांना विनंती. उत्तर ‘नाही’ असेल तरी चालेल. ते वर्गात वाचून दाखवा, आणि आपल्या कोणत्या मुद्द्याला त्यात उत्तर आलेलं नाही, हे मुलांना शोधू द्या.